धुवांधारची देवी

"हे काहून घेतलं?" देवाजीनं विचारलं.

मनकर्णानं उत्तराची घाई केली नाही. पलंगावर उघड्या पडलेल्या बॅगेत तिनं आधी हिरवा खण दाबून बसवला. त्यावर हळदीकुंकवाच्या पुड्या, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या, तांदळाची पिशवी, नारळ आणि शेवटी पाच संत्री. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची छाटणी करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. ढिगातून बिनडागाची पाच उचलायची तर तिला मान वळवायचीही गरज पडत नसे. पण आज ती एकेक संत्रं खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहत होती.

"ओटी हाय," ती म्हणाली. "देवीची."

"कोणत्या देवीची?"

"आता कोणत्या म्हंजे? तुमचीच ते. धुवांधारची. दिव्याची."

देवाजीच्या हातात चहाचा कप होता. त्यातला चहा त्याला एकाएकी फार गरम वाटला. त्यानं कप खिडकीत ठेवला आणि विचारलं, "तिची ओटी तू काहून भरून राहिली?"

"नवस होता," मनकर्णा म्हणाली. "दिपालीचं दुसरं लेकरूबी पोटातच गेलं ना, तवा बोलली होती मी. तुमाले सांगतलं नाही. फेडल्याबिगर नवस सांगत नसतेत. म्हनलं, बाई, एवढ्या पाण्यात तुहा दिवा इझत नाही, माह्या पोरीचाबी इझू देऊ नको. मी सोता येऊन तुही ओटी भरीन." तिनं बॅगेची चेन अर्धी ओढली आणि थांबली. "आता बोलून तं बसली. पण जाईन कशी? ह्याचीच चिंता होती. तं बाईनंच सहलीची सीट पाठवली पाहा."

काटोलला दिपालीच्या घरात आठ महिन्यांची नात त्या वेळी बहुतेक गुडघ्यांवर सरकत असावी. ठणठणीत पोरगी. पहिल्या दिवसापासून सारं घर डोक्यावर घेणारी.

देवाजीनं बॅगेची उरलेली चेन ओढून लावली. बोलणार तरी काय? धुवांधारच्या धबधब्याजवळ अशी कोणतीही देवी नव्हती. हे त्याच्याइतकं पक्कं दुसऱ्या कोणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं, कारण ती देवी त्यानंच तयार केली होती.

त्याचं असं झालं. नागपूरच्या माणसाला देश पाहायची हौस दांडगी, पण जेवायला मात्र घरचंच वरण-भात-पोळी लागते. काशीला जाऊ, पुरीला जाऊ, पण तिथं गेल्यावर ताटात वांग्याची भाजी हवी आणि वर सांबार हवा. सांबार म्हणजे कोथिंबीर, हेही तिकडच्या लोकांना कुठं कळतं. म्हणून सहली काढणारे लोक आपला आचारी सोबत नेतात. प्रवाशांची बस पहाटे निघते, त्याच्या आधीच स्वयंपाकाचा टेम्पो निघून गेलेला असतो. शेगड्या, गंज म्हणजे मोठी पातेली, पराती, पिठाची पोती, सारं घेऊन. बस पोचते तेव्हा धर्मशाळेच्या मागच्या अंगणात भाताला वाफ आलेली असते.

सत्तावीस वर्षं देवाजी हेच करत आला होता. सारे त्याला महाराज म्हणत. पारडीच्या दोन खोल्यांच्या घरातून निघून तो हरिद्वारला गेला, काशीला गेला, आग्र्याला अकरा वेळा गेला. आणि पाहिलं काय, तर धर्मशाळांची मागची अंगणं. लोक ताजमहाल पाहत तेव्हा हा साठ माणसांच्या भाताचं पाणी पाहत असे. लोक परत येऊन जेवायला बसत तेव्हा हा वाढत असे, आणि ते हात धुऊन टेकेपर्यंत याचा टेम्पो पुढच्या गावाच्या वाटेला लागलेला असे. याबद्दल त्याची कधी तक्रार नव्हती. कामाला गेलेला माणूस काम करतो, त्यात रडायचं काय?

पण पहिल्या सहलीनंतर तो हरिद्वारहून परतला, तेव्हा दिपाली अंगावर पीत होती आणि मनकर्णा दारातच उभी होती. तिनं आजवर काटोल आणि नागपूर सोडून तिसरं गाव पाहिलेलं नव्हतं. पाण्याचा तांब्या पुढे करत ती म्हणाली, "सांगा ना, काय काय पाह्यलं?" तिचा चेहरा इतका उत्सुक होता की, मी फक्त मोरी आणि चूल पाहिली, असं सांगायला देवाजीची जीभ उचलेना. मग जेवताना प्रवासी जे बोलत होते ते त्याला आठवलं. गंगेत सोडलेले द्रोण, त्यातली फुलं, आरतीच्या ज्वाळा. त्यानं ते सांगून टाकलं. मनकर्णा पोरीला थोपटायचं विसरून ऐकत राहिली.

तिथून पुढे ते अंगवळणीच पडलं. गरम पोळी वाढता वाढता तो कान उघडे ठेवी. कोण कशाला भारी म्हणालं, कोणाची चप्पल कुठं हरवली, सारं गोळा करी. घरी आला की दोघांचा चहा व्हायचा आणि त्या चहाला तो अख्खं गाव उभं करून देई. मनकर्णा तेच दुसऱ्या दिवशी कळमन्याला छाटणीच्या बायांना सांगे. तिच्या तोंडून ऐकणाऱ्या बाया म्हणत, बाई, तुझा नवरा म्हंजे चालतंबोलतं तीर्थ हाय.

भेडाघाटची सहल सहा वर्षांपूर्वीची. त्या दिवशी पंगतीत एक काका धुवांधारबद्दल बोलत होते, की पाणी एवढ्या जोरानं पडतं की नुसता धूर दिसतो. शेजारची बाई कुठल्याशा वेगळ्याच देवळाबद्दल सांगत होती, जिथली ज्योत शंभर वर्षं विझली नाही. देवाजी दोघांच्या मधे कढी वाढत होता. घरी येईपर्यंत दोन्ही गोष्टींची एक झाली. त्यानं मुद्दाम केलं असंही नाही. "धबधब्याच्या तुषारात एक देवी हाय," त्यानं सांगितलं, "आन तिच्यापुढचा दिवा कधीच इझत नाही." सांगताना त्याला स्वतःलाच ती दिसली होती.

आता या फाल्गुनात भेडाघाटच्या सहलीतल्या एका बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि सीट रिकामी राहिली. सहल काढणारे जितेंद्र, ज्यांना सारे जितूभाऊ म्हणत, ते रामदासपेठेतल्या आपल्या ऑफिसात देवाजीला म्हणाले, "महाराज, काकूले पाठवा. इतक्या वर्षांत कधीच नाही आल्या त्या." देवाजीला तेव्हाच ती देवी आठवली होती. त्याला वाटलं होतं, फार तर काय, बायकोला थोडं इकडचं तिकडे वाटेल. म्हणू, सहा वर्षांत बदललं. पण नवस? नवसाला कसं काय बदललं म्हणायचं?

बॅग भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी भेडाघाटच्या धर्मशाळेत भाजीत मीठ दोनदा पडलं.

"महाराज," पोळ्या लाटता लाटता प्रयागबाई म्हणाली, "तब्येत बरी हाय ना तुमची?"

प्रयागबाई बारा वर्षांपासून टेम्पोत त्याच्यासोबत यायची. पोळ्या तिच्याकडे, बाकी सारं देवाजीकडे. बाई तोंडाळ, पण कोणाचं गुपित बाहेर काढणारी नव्हे. देवाजीनं भाजीत बटाटे वाढवले आणि तिला सारं सांगून टाकलं. ऐकून ती इतकी हसली की लाटणं हातातून सुटून परातीत पडलं.

"हसू नको वं," देवाजी म्हणाला. "माह्या जिवाले घोर लागला हाय."

"मंग त्यात काय एवढं? नर्मदामायेचा काठ हाय. इथी देव का कमी हायेत? एखादी देवी दाखोन द्या आन मोकळे व्हा."

"खोटं दाखोवू?"

"सत्तावीस वर्षं काय खरं दाखोत होते?" प्रयागबाईनं लाटणं उचललं. "बायको खूश, देवी खूश. दोघींतलं कोणी तक्रार घेऊन नाही येत."

तिचं म्हणणं बरोबरच होतं आणि म्हणूनच देवाजीला ते टोचलं. तरी त्यानं धर्मशाळेच्या रखवालदाराला जाऊन विचारलं, की इथं आसपास देवीचं ठाणं कुठं आहे. रखवालदार म्हणाला, एक कशाला, वर टेकडीवर चौसष्ट योगिनींचं देऊळ आहे, गोल, हजार वर्षांचं. देवाजीला जरा हायसं वाटलं. चौसष्टातली एक निवडायची, एवढंच तर काम होतं.

अकराच्या सुमारास बस आली. मनकर्णा उतरली ती ओच्यात पळसाची फुलं घेऊन. एवढ्या लोकांत नवऱ्याशी बोलायचं म्हणून तिनं आवाज दाबला, पण चेहरा काही तिला दाबता येईना.

"सिवनीच्या घाटात सारा डोंगर पेटला होता वो," ती म्हणाली. "एका झाडाले पान नाही, नुसती फुलं. तुमी सांगतलं होतं तस्संच."

हे एक मात्र त्यानं खरं सांगितलं होतं. रस्ता काय, तो टेम्पोतूनही दिसतो.

मागून उतरणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका थांबल्या. "महाराज, तुमच्या मिसेसनी वाटेत काय छान माहिती दिली हो. काशीची, पुरीची. आम्ही म्हटलं, आता गाईडला सुट्टी द्या." मग त्या सहज म्हणाल्या, "आणि ती दिव्याची देवी आम्हालाही बघायचीय बरं का."

मनकर्णाची मान अभिमानानं ताठ झाली. देवाजीनं ताटं मोजायला सुरुवात केली, खरं तर ती मोजून झालेली होती.

जेवणं झाली. दुपारी सगळी मंडळी संगमरवरी कड्यांतून नावेनं फिरायला निघाली. मनकर्णानं जायला नकार दिला. "आधी ओटी, मंग नाव," ती म्हणाली. देवाजीनं प्रयागबाईला चार वाजताच्या चहाचं सांगितलं, हात पुसले आणि बायकोच्या मागं बॅग घेऊन धर्मशाळेच्या पुढच्या दारानं बाहेर पडला. सत्तावीस वर्षांत कामाच्या दिवशी तो पुढच्या दारानं प्रथमच बाहेर पडत होता.

धबधब्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना पांढऱ्या दगडाच्या मूर्ती विकणाऱ्यांची दुकानं होती. ऊन होतं, पण पाण्याकडून गार वारा येत होता. कठड्याशी गेल्यावर अंगावर बारीक शिंतोडे आले. मनकर्णानं दोन्ही हात जोडले आणि मग तिची नजर शोधू लागली. या खडकावर, त्या खडकावर. समोर अख्खी नर्मदा उडी घेत होती आणि देवाजी मात्र स्वतःच्या चपलांकडे पाहत होता.

"कोणत्या बाजूले हाय वो?" तिनं विचारलं.

"अं? थांब ना जरा."

ती कुठली थांबते. मागं वळून तिनं एका मूर्तीवाल्याला आपल्या हिंदीत विचारलं, "भाऊ, वो दिया वाली देवी किधर है?"

"कौन सी देवी, माताजी?"

"जिसका दिया पानी में बी बुझता नहीं."

मूर्तीवाल्यानं शेजारच्या दुकानदाराकडे पाहिलं. शेजारच्यानं मान हलवली. "ऐसी तो कोई देवी नहीं है यहाँ. हमारा तो जनम यहीं का है."

मनकर्णा त्याच्याकडे पाहून हसली, त्याची कीव आल्यासारखं. "तुमको मालूम नहीं होंगा," ती म्हणाली. "हमारे इन्होंने देखा है."

देवाजीनं बॅग दुसऱ्या हातात घेतली. तो घाईघाईनं म्हणाला, "ते वर हाय. टेकडीवर. चाल."

शंभरावर पायऱ्या होत्या. मनकर्णाचे गुडघे कुरकुरत होते, पण ती एकदाही बसली नाही. वर गेल्यावर मधे एक देऊळ आणि भोवती मोठ्ठं गोल दगडी कुंपण, आणि त्या कुंपणात ओळीनं देवळ्या. प्रत्येक देवळीत एकेक देवी बसलेली. कोणाचं नाक गेलेलं, कोणाचे हात गेलेले, पण बसायचा डौल सगळ्यांचा शाबूत. चिंचेखाली एक चौकीदार खुर्ची टाकून बसला होता. बाकी माणूस नव्हतं.

"बाप्पा, इतक्या जणी?" मनकर्णा हळूच म्हणाली. "आपली कोणती?"

देवाजीनं पाच-सहा देवळ्या ओलांडल्या आणि जिचा चेहरा त्यातल्या त्यात धड होता, तिच्यापुढे थांबला. "हे," तो म्हणाला.

"आन दिवा?"

"सरकारी झालं ना आता देऊळ. बंद केला असन."

तिनं एका शब्दानं शंका घेतली नाही. हीच तर पंचाईत होती. पदर सावरून ती खाली बसली, बॅग उघडली, तांदूळ ताटलीत काढले आणि देवीच्या तुटक्या चेहऱ्याकडे पाहून बोलू लागली. "बाई, मी मनकर्णा. नागपूरहून आली. माह्या मालकानं तुह्याबद्दल सांगतलं होतं. ते खोटं बोलणारे नाहीत, म्हनून मी तुह्यावर भरवसा टाकला..."

देवाजीनं वाकून तिचा हात धरला.

"हे नोय," तो म्हणाला.

"मंग कोणती?"

"कोणतीच नाही. तशी देवीच नाही, मनकर्णा. मी बनोवली होती."

तिला आधी कळलंच नाही. मग त्यानं उभ्या उभ्या सारं सांगितलं, काका, शेजारची बाई आणि मधे कढी. सांगून झालं. तो खालीच बसला.

मनकर्णानं ताटलीतले तांदूळ बोटानं सारखे केले. मग तिनं विचारलं, "ताजमहाल?"

"नाही पाह्यला."

"अकरा डाव गेले होते ना तुमी?"

"धर्मशाळेच्या खिडकीतून समोरची भिंत दिसे."

"पुरीचा समुद्र?"

"आवाज आयकू आला होता. भांडे घासाचं थांबलं की आयकू ये."

"गंगेची आरती?"

देवाजीनं नुसती मान हलवली.

ती भांडेल, रडेल, निदान कपाळावर हात तरी मारेल असं त्याला वाटलं होतं. ती जे बोलली ते त्याला अपेक्षितच नव्हतं.

"मी तिकडं छाटणीत बसली राहो," ती म्हणाली, "तवा मले वाटे, जाऊ दे, दोघांतून एक तं पाहून राहिला. एकानं पाह्यलं म्हंजे दोघाइचं झालं. त्याच्यावरच मी समाधान मानलं, काही मागतलं नाही. आन तुमीबी काहीच नाही पाह्यलं?" तिचा आवाज फाटला. "सत्तावीस वर्षं तुमी एवढे दूर दूर गेले, आन तुमाले कोणी एक घंटा नाही म्हनलं, की महाराज, जाऊन पाहून या?"

आपल्या खोटेपणाबद्दल शिव्या खायची तयारी करून बसलेल्या देवाजीला हे सोसवलं नाही. साठीला आलेला माणूस तोंडावर खांद्यावरचा दुपट्टा घेऊन रडला. चौकीदारानं खुर्ची थोडी दुसरीकडे वळवली.

"मले वाटलं, तू हसशीन," तो कसाबसा म्हणाला. "म्हनशीन, गेला आन मोरी पाहून आला."

"म्हनलीबी असती एखाद्या डाव. पण सांगाचं तं होतं."

मग मनकर्णाला दुसरंच काही आठवलं आणि तिचा चेहरा बदलला. "आन मंग माहा नवस? तो कोणापाशी पोचला?"

"मले नाही सांगता येत."

"फेडाचा राहिला तं? पोरीवर आलं तं?"

माझ्यावर येऊ दे, असं म्हणायला देवाजीचे ओठ हलले, पण असल्या गोष्टी आपण म्हटल्यानं आपल्यावर येत नसतात हे दोघांनाही माहीत होतं.

मनकर्णा उठली. तिनं तांदूळ पुन्हा पिशवीत भरले, बॅग खांद्याला अडकवली आणि त्या गोल कुंपणाच्या कडेकडेनं चालायला लागली. प्रत्येक देवीपुढे ती थांबे, नीट पाही, हात जोडी आणि पुढे जाई. ढिगापुढे बसून संत्रं पारखावं तशी ती पाहत होती, घाई नाही, भीडही नाही. देवाजी चार पावलं मागं ठेवून चालत होता. अर्ध्याहून जास्त फेरा झाला आणि ती एका जागी थांबली ती थांबलीच.

ती देवळी रिकामी होती. आत बसायचा दगड होता, मागची भिंत होती, फक्त देवी नव्हती.

"भैया," तिनं चौकीदाराला हाक मारली, "इसकी देवी किधर गई?"

"पता नहीं, अम्मा," तो बसल्या जागेवरून म्हणाला. "हमारे बाप के समय से खाली है."

मनकर्णा त्या रिकाम्या दगडाकडे पाहत उभी राहिली. मग नवऱ्याकडे न वळताच बोलू लागली. "दिपाली तवा दवाखान्यात होती. मी कळमन्यात उभी होती, हातात संत्रं होतं. तिथंच बोलली मी. मोठ्यानंबी नाही, मनातल्या मनात. तरी कोणीतरी आयकलंच ना? नाही तं नात कुठून आली?"

"हो," देवाजी म्हणाला.

"मंग झालं. नाव तुमी चुकीचं सांगतलं असन, पत्ता चुकीचा सांगतला असन. आयकनारी काही चुकली नाही." तिनं बॅग खाली ठेवली. "या इकडं. हात धुतले हायेत ना?"

"अम्मा, नारियल यहाँ फोड़ना मना है," चौकीदार म्हणाला.

"फोडत नाही, भाऊ. ओटी भरून राहिली," ती म्हणाली, जणू एवढं सांगितलं की कोणत्याही सरकारचं समाधान व्हावं. चौकीदाराचं तरी झालं.

तिनं दगडावर हळदीकुंकू वाहिलं, खण पसरला, बांगड्या ठेवल्या. मग ओंजळीत तांदूळ घेतले आणि रिकाम्या जागेपुढे तीनदा ओटी भरली, समोर खरोखरीची बाई बसलेली असावी आणि तिनं पदर पसरलेला असावा, अशा बेतानं. तांदळाचा एक दाणा इकडे तिकडे सांडला नाही. नारळ ठेवला. संत्री देताना तिनं देवाजीला पुढे ओढलं.

"हे तुमी ठेवा," ती म्हणाली. "तुमचीबी नात हाय."

देवाजीनं एकेक संत्रं ठेवलं. हात जोडले. मग तो मनाशीच म्हणाला, की बाई, तुझ्याबद्दल मी जे बोललो ते न पाहता बोललो, माफ कर.

मनकर्णानं पाचातलं एक संत्रं नातीसाठी प्रसाद म्हणून परत उचललं, एक चौकीदाराला दिलं आणि दगडी कुंपणाच्या पायरीवर येऊन टेकली. तिचे गुडघे आता खरंच दुखत होते.

देवाजी पायऱ्यांच्या तोंडाशी गेला होता. तिथून कुंपण संपतं आणि टेकडी खाली उतरते. उतरायच्या विचारानंच तो गेला असावा, कारण चार वाजायला आले होते. पण तो थांबला. खाली नर्मदा होती. वरच्या अंगाला नुसता धूर उठलेला, आणि त्या धुरातून बाहेर पडल्यावर तेच पाणी पांढऱ्या कड्यांमधून अगदी शांतपणे, हिरवं होऊन वळत गेलेलं. पलीकडच्या काठावर पानं झडलेलं रान आणि त्यात मधे मधे पळस. एवढ्या उंचावरून नावा दिसत होत्या, नावेतली माणसं दिसत होती, कोणीतरी हात लांब करून कोणाला तरी काही दाखवत होतं. ही माणसं आज रात्री जेवताना काय काय सांगतील, ते देवाजीला इथूनच दिसत होतं. तो आधी उभा राहिला, मग कठड्याला हात टेकले, मग कोपरं टेकली. त्याचा जबडा थोडा खाली आला होता.

बॅगेत त्याचा फोन वाजला. मनकर्णानं तो बाहेर काढला. पडद्यावर जितूभाऊंचं नाव होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्यापर्यंत फोनचा आवाज गेलेला नव्हता.

"हॅलो, जितूभाऊ, मी मनकर्णा बोलून राहिली," ती म्हणाली. "हो, इथीच हायेत महाराज... नाही, नाही, तब्येत चांगली हाय त्याइची... चहाचं प्रयागबाईले सांगा ना, तिले येते सारं... आता नाही देऊ शकत फोन. थोडा वेळ लागन." तिनं पुन्हा एकदा कठड्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याइचं पाहून व्हायचं हाय अजून."